ठकू झारेकरीण मुराळी झाली

हातात तांदूळ घ्या गं बायांनो. लहानग्यांना मांडीवर घ्या, मोठ्यांना गप्प बसवा. आणि वाटआई, तूही ऐक. कहाणी तुझीच आहे.

आटपाट म्हणतात तसंच एक नगर. नगरात सराफांची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी झारेकऱ्यांची वस्ती. झारेकरी म्हणजे कोण? तर सराफांच्या दुकानांपुढची माती झाडून न्यायची, नदीवर लाकडी काथवटीत धुवायची, आणि धुता धुता तळाशी सोन्याचा एखादा कण राहिला तर राहिला. लोकांच्या सोन्यावरची धूळ, ती यांची भाकर.

तिथं ठकू झारेकरीण राहायची. नवरा सटवा. उभा जन्म पाण्यात गेलेला, पायांना कायमची सूज. चार पावलं चालला की पाचवं पाऊल टाकायला बसावं लागे. पोटी एकच लेक, चिमा. मुलगा नाही.

झारेकऱ्यांच्या घरात एक रीत होती. गल्लीतून घरी आलं की पाय मोरीत धुवायचे नाहीत, काथवटीत धुवायचे. तळव्याला चिकटून कण आला असेल तर तो वाया का घालवा? हसू नका. ज्याचं पोट कणावर, त्याला पायाची धूळसुद्धा धुऊन बघावी लागते.

चिमा मोठी झाली. मग तिला दिली. कुठं दिली? तर दोन दिवसांच्या वाटेवर, तीन ओढ्यांपलीकडे. जवळचं स्थळ ऐपतीत बसलं नाही, लांबचं बसलं. लेक गेली आणि घरातला आवाज गेला. ठकू माती धुवायची आणि मध्येच हात थांबायचे. शेजारीण विचारायची, काय गं, कण सापडला का? ठकू म्हणायची, नाही गं, काही नाही.

मग श्रावण आला. वस्तीतल्या लेकी माहेरी यायला लागल्या. त्यांना आणायला कुणाचा भाऊ मुराळी गेला, कुणाचा बाप गेला. ज्याच्या त्याच्या दारात हसणं, झोके, मेंदी. चिमाच्या सासरहून सांगावा आला, घरचं माणूस मुराळी म्हणून येईल तर सून धाडू, नाही तर इथंच पंचमी करील. सटवा म्हणाला, मी जातो. उठला, उंबऱ्यापर्यंत गेला, आणि उंबऱ्यावरच बसला.

मग ठकू थोरल्या दिराकडे गेली. दीर म्हणाला, बैल आजारी आहे. मग मावसभावाकडे गेली. तो म्हणाला, यंदा ओढे फार चढलेत. मग भाच्याकडे गेली. भाचा म्हणाला, मामी, माझ्याच बायकोचा मुराळी आज यायचाय, मी गेलो तर त्याला जेवायला वाढील कोण? तिघांच्या दारातून ठकू परत आली, चुलीपुढं बसली. मग तिनं एक भाकर थापली, पदरात बांधली आणि निघाली.

पाणवठ्यावरच्या बायांना नवल वाटलं. आई कधी मुराळी होते का, म्हणाल्या. ठकू म्हणाली, "बापाचे पाय चालत नाहीत, भाऊ जन्माला आला नाही. आता पाय उरले ते माझे."

गावाबाहेर तिवाटा होता. तिथं दगडावर एक म्हातारी बसली होती. डोईवर पांढरं रान, पायांवर धूळ. म्हणाली, कुठं निघालीस बाई? ठकू म्हणाली, लेकीला आणायला. म्हातारी म्हणाली, पदरात काय आहे? ठकू म्हणाली, भाकर आहे. म्हातारी म्हणाली, भूक लागलीय. ठकूनं अर्धी भाकर तिला दिली, अर्धी आपल्याला ठेवली. म्हातारीनं खाल्ली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "मला वाटआई म्हणतात. तुला एक वसा सांगते. उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

ठकू म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, वसा टाकणार नाही. कसा वसावा ते सांग."

तेव्हा म्हातारीनं सांगितलं. श्रावणमासी, पंचमीला चार दिवस असता, सकाळी उठावं, न्हावं. भाकर आपल्या हातानं करावी. तिवाट्यावर तीन खडे मांडावे, हळदीकुंकू वाहावं. अर्धी भाकर वाटेला द्यावी, अर्धी पदरी बांधावी. आणि लेकीला आणायला आपल्या पायांनी जावं. ज्याला लेक नाही त्यानं कुणाचीही सासुरवाशीण तिच्या माहेरी पोचती करावी. असं वर्षाच्या वर्षाला करावं. इतकं सांगितलं आणि म्हातारी पाठमोरी झाली. ठकूनं वळून पाहिलं तो दगडावर कुणी नाही.

ठकू चालत गेली. तीन ओढे उतरली. विहीण मोठी ठसक्याची बाई. तिनं ठकूला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाली, आमच्याकडं असला मुराळी पहिल्यांदाच आला. पण मग पाय पाहिले, चिखल पाहिला. म्हणाली, एवढं चालून आलीस, ने लेकीला.

मायलेकी निघाल्या. वाटेत बोलून बोलून घसा बसला. घरी आल्या. सटवानं उंबऱ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग पाय धुवायचे, तर ठकूनं सवयीनं काथवट पुढं ओढली. लेक सराफांच्या गल्लीतून आलेली नाही, दोन दिवसांच्या वाटेवरून आलीय, हे तिच्या ध्यानातच नाही. हाताची सवय, दुसरं काय. लेकीचे पाय धुतले. आणि धुतलं तसं सवयीनं पाणी हलवलं, माती निथळवली. तो काय! तळाशी पिवळंधमक. कण नव्हेत, मुगाएवढे दाणे.

सटवानं दाणा दाताखाली धरला. ठकू म्हणाली, काय झालं? सटवा म्हणाला, दात राहिला पण दाणा चेपला. म्हणजे सोनं.

चिमाच्या एका पायाखालून वाटीभर निघालं, दुसऱ्या पायाखालून दुसरी वाटी. सराफानं विचारलं, हे आमच्या कुठल्या दुकानापुढचं? ठकू म्हणाली, तुमचं नव्हे शेट, हे माझ्या लेकीच्या वाटेवरचं.

ही गोष्ट नगरात पसरायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी ज्यानं त्यानं मुराळी धाडला. जिची दहा वर्षं कुणी चौकशी केली नव्हती, तिलासुद्धा काका गाडी घेऊन आणायला गेला. घरोघर काथवटी मांडल्या, लेकींचे पाय घासून घासून धुतले. निघालं काय? चिखल. पण त्या साली नगरातली एकही लेक माहेरावाचून राहिली नाही, हेही वाटआईचंच देणं म्हणायचं.

पंचमी झाली, चिमा सासरी गेली. इकडं झारेकऱ्याचं दैव उघडलं. झोपडी गेली, दुमजली घर झालं. गोठ्यात गाई, ओसरीवर झोपाळा, स्वयंपाकाला बाई, पाण्याला बाई, वारा घालायला बाई. सटवाचा सटवोजीशेट झाला. लोक पायरीवर उभं राहून जोहार घालायला लागले. सराफीणबाई ठकूला भेटायला आली, शेजारी बसली, आणि गोडीगोडीनं म्हणाली, आता तुम्ही मोठ्या घरच्या. मोठ्या घरच्या बायका वेशीबाहेर पायी जात नाहीत बरं. ठकूला ते पटलं. खोटं कशाला बोला, तिला ते गोडही वाटलं. पायाच्या भेगा भरून आल्या, हाताचे घट्टे गेले. बाई सुखात पडली.

मग दुसरा श्रावण आला. पंचमीला चार दिवस राहिले. ठकू न्हाली, पण भाकर स्वयंपाकीणबाईनं केली. ठकूच्या मनात आलं, लेक दोन दिवस चिखल तुडवीत का यावी? तिच्या पायाला काटा का लागावा? तिनं मेणा सजवला, आठ भोई दिले, आत मऊ गादी घातली. स्वतः ओसरीवर झोपाळ्यावर बसली, वाटेकडं डोळे लावून. मायेनंच केलं हो सगळं. पण वसा टाकला तो टाकलाच.

मेणा गेला, मेणा आला. ठकू धावत पायरीपर्यंत गेली, पडदा सारला. आत गादी, गादीवर कुणी नाही. भोई म्हणाले, विहीणबाई म्हणाल्या, भोई म्हणजे मुराळी नव्हे, घरचं माणूस हवं. ठकूनं विचारलं, आणि चिमा? भोई म्हणाले, ताई गाठोडं बांधून दारात उभ्या होत्या. एकच विचारलं, आई आली का? आम्ही म्हणालो, नाही. आजारी आहे का? आम्ही म्हणालो, नाही, झोपाळ्यावर असतात. मग त्यांनी गाठोडं सोडलं.

सटवोजीशेट म्हणाला, मेणा जुना वाटला असेल त्या लोकांना. पुढच्या साली बघू.

मग तिसरा श्रावण आला. ठकूचा जीव म्हणत होता, आपण जावं. सराफीणबाई म्हणाली, लोक हसतील. मग सहा बैलांची गाडी जोडली. विहिणीला शालू, व्याह्याला पागोटं, लेकीला पैठणी. गाडी गेली, गाडी आली. शालू परत, पागोटं परत, पैठणीची घडीसुद्धा मोडलेली नाही. गाडीवान म्हणाला, ताईंनी आम्हांला पाणी दिलं, गूळ दिला. एकच विचारलं, आई आली का?

मग चौथा श्रावण आला. सटवोजीनं राजाकडून हत्ती मागून आणला. पुढं वाजंत्री, मागं चवऱ्या. म्हणाला, आता बघतो कशी धाडत नाहीत. हत्ती गेला, हत्ती आला. ठकू खाली आली नाही, माडीवरूनच विचारलं, चिमा काय म्हणाली? माहूत म्हणाला, काही नाही म्हणाल्या. दारात आल्याच नाहीत. आत बांगड्या वाजत होत्या तेवढ्या ऐकल्या.

बायांनो, वसा टाकला की देव कोपतो, धन जातं, असं आपण ऐकतो. इथं तसं झालं नाही. गाई दूध देत होत्या. कणग्या भरलेल्या होत्या. सोन्यानं घराचा कोपरासुद्धा सोडला नाही. नुसती लेक येईना.

ठकू म्हणाली, आत्ताच्या आत्ता निघते. सटवोजी म्हणाला, पंचमी उलटली. आता अवेळी माहेरचं माणूस दारात दिसलं तर पोरीच्या काळजात धस्स होईल, कोण गेलं म्हणून. ते खरं होतं. ठकू बसली.

मग ते वर्ष कसं गेलं? दिवाळी आली, करंज्यांची ताटं भरली, ठकूनं एक करंजी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. संक्रांत आली, वाणं लुटली, येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीच्या तोंडाकडं ती बघत राहिली. चैत्र आला, गौर झोपाळ्यात बसली. देवीसुद्धा महिनाभर माहेरी आली. ठकूनं तिला कैरीची डाळ दिली, पन्हं दिलं, आणि म्हणाली, तुला कुणी आणलं गं? माडीच्या खिडकीतून तिवाटा दिसायचा. ठकू तिथं उभी राहायची. पूर्वी धूळ दिसली की तिला सोनं आठवायचं. आता धूळ उठली की वाटायचं, कुणी येतंय का. येणारं असायचं एखादं गुरांचं खिल्लार, नाही तर वावटळ. बघून बघून डोळ्यांना पाणी सुटायचं. एक दिवस तिथंच उभ्या उभ्या तिच्या ध्यानात आलं. तीन वर्षं लेकीला एकच हवं होतं. आणि मी मेणा धाडला, गाडी धाडली, हत्ती धाडला, तेवढं एक धाडलं नाही.

मग पाचवा श्रावण आला. पंचमीला चार दिवस राहिले. ठकू सकाळी उठली, न्हाली, चुलीपुढं बसली. स्वयंपाकीणबाई घाबरली, माझं काय चुकलं म्हणाली. ठकू म्हणाली, तुझं काही नाही, पीठ दे. पहिली भाकर मोडली. दुसरी भाकर मोडली. तिसरी कशीबशी तव्यावर गेली, एका अंगानं करपली, एका अंगानं कच्ची राहिली. तीच पदरात बांधली. सटवोजी दारात आडवा झाला. म्हणाला, शेटाणी पायी निघाली तर लोक काय म्हणतील?

"म्हणतील, ठकू निघाली."

सटवोजी बाजूला झाला. म्हणाला, माझी काठी तरी ने.

ठकू तिवाट्यावर आली. तीन खडे मांडले, हळदीकुंकू वाहिलं, अर्धी भाकर ठेवली. वर पाहते तो दगडावर म्हातारी. ठकूनं पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, उतले, मातले, वसा टाकला. सोनं परत घे, पण माझी लेक दे.

म्हातारी म्हणाली, मला काय करायचंय सोनं? ओझं कोण वाहील? तिनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, चावून बघितला. म्हणाली, करपलीय. ठकू म्हणाली, चार वर्षांनी केली. म्हातारी म्हणाली, पुढच्या साली बरी कर.

ठकूनं विचारलं, "आई, तू कोपली होतीस ना?"

"मी कशाला कोपू? श्रावण आला की मी इथं येऊन बसते. मेणा गेला, गाडी गेली, हत्ती गेला. तूच आली नाहीस."

ठकूनं पदर खोचला. ती उठली आणि चालायला लागली. पाय मऊ झालेले. पहिल्या ओढ्याशी फोड आला. दुसऱ्या ओढ्याशी फोड फुटला. तिसऱ्या ओढ्याशी काठीवर भार टाकून उभी राहिली, पाणी गुडघ्याला लागलं. वाटलं, बसावं. पण पलीकडं गावची झाडं दिसत होती. बसली नाही.

विहीण दारात तांदूळ निवडत होती. ठकूला बघून सुपातला हात थांबला. म्हणाली, "या शेटाणीबाई. हत्ती मागं राहिला वाटतं?"

ठकू म्हणाली, "हत्तीला काय ठाऊक, विहीणबाई. मुराळी मी आहे."

विहिणीनं तिच्या पायांकडं पाहिलं. सूप बाजूला सारलं, पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि डोळ्यांनीच आतली खोली दाखवली.

आत चिमा दळत होती. पाठ दाराकडं. पावलं तिनं ऐकली, जातं थांबलं नाही. ठकू समोर जाऊन बसली. चिमानं मान वर केली नाही. ठकूनं काय म्हणावं? चार वर्षांचं बोलणं साठलेलं. मग तिनं हात पुढं केला आणि जात्याचा खुंटा धरला. लेकीच्या हाताखाली आईचा हात. दोघी दळायला लागल्या. एक पायली झाली. ओवी नाही, बोलणं नाही, नुसती घरघर. पीठ पडत होतं आणि पिठात टिपं पडत होती. कुणाची, ते विचारू नका.

दाणे संपले. जातं थांबलं. चिमा म्हणाली, "पहिल्या साली वाटलं, तू आजारी आहेस, मला सांगत नाहीत. दुसऱ्या साली वाटलं, तू नाहीसच. गाडीवान मन राखायला खोटं बोलतो. तिसऱ्या साली दारातच आले नाही. वाटलं, विचारायचंच नाही. विचारलं नाही तर कुणी नाही म्हणणार नाही."

ठकू म्हणाली, "आले गं. उशीर केला, पण आले."

चिमानं आईचा हात उलटा केला. मऊ, गोरा, अनोळखी हात. मग पाय पाहिले. पाय पाहिल्यावर मात्र तिला राहवलं नाही. पदरानं तळव्याचं रक्त पुसलं, डोळे पुसले, पिठाचा हात तोंडाला लागून तोंड पांढरं झालं. ठकूला हसू आलं, मग चिमालाही आलं. चिमा म्हणाली, "कधी निघायचं?"

विहिणीनं हळद लावून पायांना फडकी बांधली, एक रात्र ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मायलेकी निघाल्या. विहीण वेशीपर्यंत पोचवायला आली. जाताना ठसक्यातच म्हणाली, पुढच्या साली लवकर या, मला पुरणपोळी करायला वेळ मिळाला नाही.

वाटेनं काय बोलल्या? ते मी कशी सांगू, ते त्यांच्या दोघींत. पण तिसरा ओढा आला तेव्हा चिमा म्हणाली, लवकर आला. दुसरा आला तेव्हा ठकू म्हणाली, लवकर आला. पहिल्याशी दोघी काहीच बोलल्या नाहीत.

चौथीची उन्हं कलली आणि नगराची वेस दिसली. वेशीपलीकडं दुमजली घर. ओसरीवर लोक जमलेले, तोरण बांधलेलं, स्वयंपाकाचा धूर वर चाललेला. चिमा म्हणाली, आई, घर आलं, चल. ठकू वेशीबाहेरच्या दगडावर बसली. चिमा म्हणाली, पाय दुखतात का? ठकू म्हणाली, नाही. चिमा म्हणाली, मग? घर तर समोर आहे.

ठकू म्हणाली, "तुझं माहेर पाच दिवसांचं. उंबऱ्यात पाऊल पडलं की पहिला दिवस सुरू झाला. अजून तो सुरू व्हायचाय. बस जरा."

चिमा तिच्या कुशीशी बसली. पाखरं घराकडं चालली होती. घरून हाक आली, पुन्हा हाक आली, पुन्हा आली. मायलेकी उठल्या नाहीत.

मग उठल्या हो, उठल्याच. दरवर्षी ठकू गेली, दरवर्षी लेक आली, दरवर्षी वेशीबाहेर दोघी घडीभर बसल्या. वाटआई तिला जशी पावली, तशी तुम्हांला पावो, मला पावो. ज्यांच्या लेकी लांब त्यांचे पाय धड राहोत. ज्या लेकींचं माहेर मागं राहिलं त्यांच्या दारात कुणी तरी घरचं माणूस येवो. साठ उत्तरांची ही कहाणी मी पाचांत आणली, चुकलं माकलं वाटेनं पोटात घालावं, तुमच्या ओंजळीत सुफळ संपूर्ण व्हावी. तांदूळ वाहा गं बायांनो.